दुखण्यावरचं ॲप निवडताना स्टार सोडून काय बघायचं?

फोनच्या ॲप स्टोअरमध्ये 'पाठदुखी' असं टाकून बघा. ॲप्सची रांगच लागते. गुडघ्याचं वेगळं, मानेचं वेगळं, मायग्रेनचं वेगळं, पाळीतल्या दुखण्याचं वेगळं. खाली साडेचार स्टार, लाखो डाउनलोड आणि 'सात दिवसांत आराम' असले दावे. मी मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हल्ली पेशंट एक्स-रेच्या पाकिटाबरोबर फोनही पुढे करतात आणि विचारतात, "मॅडम, हे वापरू का?"

ते विचारतात याचा मला आनंद होतो. या ॲप्सपैकी काही खरोखर उपयोगाची आहेत, बरीचशी निरुपयोगी आहेत आणि थोडी सरळसरळ नुकसान करणारी आहेत. बाहेरून मात्र सगळी सारखीच दिसतात. ॲप दिसायला नीटनेटकं असणं, त्यातली माहिती बरोबर असणं आणि ते वापरून माणसाचं दुखणं कमी होणं या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. स्टार देणारे लोक बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट बघून स्टार देतात.

फोन दुखणं मोजू शकतो का?

नाही. ताप मोजायला थर्मामीटर आहे, साखर मोजायला ग्लुकोमीटर आहे. दुखणं मोजणारं तसं यंत्र नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हाही तिला 'त्रासदायक अनुभव' असंच म्हटलं, शरीराचा आणि मनाचाही. इजा प्रत्यक्ष झालेली असेल, होऊ घातलेली असेल किंवा नुसतं तसं वाटत असेल, तरी वेदना खरीच. माणूस 'दुखतंय' म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा मान राखायला हवा, असंही त्या व्याख्येसोबतच्या टिपांमध्ये लिहिलं आहे. म्हणून आम्ही ओपीडीत 'शून्य ते दहामध्ये किती?' असं विचारतो. ॲपही तेवढंच विचारू शकतं.

त्यामुळे कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि दुखणं मोजा, किंवा फोन कंबरेला लावा, त्याच्या थरथरीने नस मोकळी होईल, असं म्हणणारं ॲप दिसलं की तिथेच थांबा. अशा दाव्यांचं काय होतं याचं एक चांगलं तपासलेलं उदाहरण रक्तदाबाचं आहे. फोन छातीशी धरून रक्तदाब सांगणारं 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं ॲप २०१४-१५ मध्ये आयफोनवर कितीतरी दिवस सर्वाधिक खपाच्या ५० ॲप्समध्ये होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ते तपासलं. ज्यांचा रक्तदाब खरोखर जास्त होता अशा दर पाचपैकी जवळपास चार जणांना ॲपने रक्तदाब जास्त नसल्याचं सांगितलं होतं. लोकांनी पैसे देऊन ते घेतलं होतं आणि निर्धास्त राहिले होते.

आता दुखण्याचं जरा पुढचं. बोट कापलं की दुखतं, जखम भरली की थांबतं. पण काही दुखणी तीन महिन्यांच्या पुढे जातात. त्यांना जुनाट वेदना म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, त्यांना स्वतंत्र स्थान मिळालं. अशा दुखण्यात मणक्यात किंवा गुडघ्यात जेवढा बिघाड असतो त्याच्याशी वेदनेचं प्रमाण जुळेलच असं नसतं. दारावरच्या बेलचं बटण आत रुतून बसलं की बाहेर कुणी नसतानाही बेल वाजत राहते, तशी मज्जासंस्था साध्या हालचालीलाही धोका समजून वेदना उठवत राहते. झोप कमी, काळजी जास्त, हालचाल बंद, या तिन्हींनी ती आणखी हळवी होते. म्हणून जुनाट दुखण्यावरचं ॲप झोपेबद्दल, मनाबद्दल, कामाबद्दल काहीच विचारत नसेल आणि नुसता एमआरआयमधल्या चकतीचा फोटो दाखवून घाबरवत असेल, तर ते बनवणाऱ्याला हा विषय कळलेला नाही असं मी धरून चालते.

डायरी: उपयोग मोठा, फसण्याची जागाही तीच

डायरी ठेवणारी ॲप्स मला आवडतात. आपण दुखण्याची आठवण फार वाकडी ठेवतो. रेडेलमायर आणि कानेमन या संशोधकांनी १९९६ मध्ये कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात नळी घालून करायची तपासणी, झालेल्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तपासणी किती वेळ चालली याचा नंतरच्या आठवणीशी फारसा संबंध नव्हता. सर्वांत जास्त दुखलं तो क्षण आणि शेवटची काही मिनिटं, यांवरच 'एकूण किती दुखलं' हे ठरत होतं. ओपीडीत हे रोज दिसतं. "महिनाभर कसं होतं?" विचारलं की पेशंट काल रात्रीचंच सांगतो.

कागदी वही ठेवायला सांगितली तर? २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. जुनाट वेदनेच्या रुग्णांना दिवसातून तीनदा नोंद करायला वह्या दिल्या आणि वहीच्या कव्हरमध्ये, ती कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाशाचा सेन्सर लपवला. रुग्णांच्या नोंदींप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरप्रमाणे फक्त ११ टक्के. बाकीच्या मागाहून किंवा चक्क आधीच भरून ठेवलेल्या. दुसऱ्या गटाकडे वेळेची आठवण करून देणारं हातातलं यंत्र होतं. त्यांच्या ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या. फोन हे काम आज सहज करतो, आणि इथे त्याचा फायदा खरा आहे.

मायग्रेनवाल्यांसाठी तर डायरी म्हणजे निम्मं निदान. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनसाठीची खास गोळी) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. पेशंटला वाटतं दुखतंय म्हणून गोळी घेतोय, आणि चक्र उलटं फिरत असतं. चांगलं डोकेदुखीचं ॲप दुखण्याच्या दिवसांबरोबर गोळीचे दिवसही मोजतं आणि आकडा वाढला की सांगतं. तुमच्या ॲपमध्ये ही सोय आहे का, ते आधी बघा.

आता फसण्याची जागा. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या एक काकू माझ्याकडे येत. कंबरदुखी दोन वर्षांची, मणक्यात काळजी करण्यासारखं काही नाही. त्यांच्या ॲपमध्ये दिवसाचा आकडा सातच्या वर गेला की चौकोन लाल व्हायचा, चारच्या खाली राहिला की हिरवा. महिन्याभराचं पान त्यांनी मला दाखवलं. लाल चौकोनांच्या पुढच्या दिवशी पावलांचा आकडा दर वेळी घसरलेला. "लाल आलं ना मॅडम, म्हणून दुसऱ्या दिवशी पडूनच राहिले. जिनाही उतरले नाही." पडून राहिल्यावर कंबर आखडायची, मग पुन्हा लाल. ॲप एकच प्रश्न दिवसातून चारदा विचारत होतं, 'आता किती दुखतंय?' आज काय करता आलं, हे एकदाही नाही.

वेदनेकडे सतत लक्ष ठेवलं की ती मोठी वाटते, आणि वेदनेच्या भीतीने हालचाल टाळली की माणूस आणखी जायबंदी होतो. जुनाट दुखण्याच्या उपचारात हे आता पक्कं मानलं जातं. म्हणून माझ्या मते डायरीच्या ॲपची सगळ्यात मोठी परीक्षा हीच: ते वेदनेच्या आकड्यासोबत कामाची नोंद घेतं का? किती चाललात, बाजारातून पिशवी आणलीत का, नातवाला उचललंत का, झोप किती लागली. काकूंना आम्ही आकडा दिवसातून एकदाच, रात्री भरायला सांगितला, आणि त्याखाली 'आज केलेलं काम' अशी एक ओळ लिहायला सांगितली. ॲप तेच, वापर बदलला.

आणखी एक. ॲप नुसता आकडा घेतं की दुखण्याची जातही विचारतं? ठणका, जडपणा, आखडणं हे स्नायू-सांध्यांकडे बोट दाखवतात. आग, मुंग्या, करंट लागल्यासारखी चमक हे नसांच्या दुखण्याकडे. दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

तज्ज्ञ ॲपची परीक्षा कशी घेतात

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'मार्स' नावाची मोजपट्टी काढली. आरोग्याच्या ॲप्सना गुण द्यायला जगभर सगळ्यात जास्त तीच वापरली जाते. एकूण २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ॲप गुंतवून ठेवतं का, नीट चालतं का, दिसायला कसं आहे, माहिती कशी आहे, आणि शेवटी परीक्षकाचं स्वतःचं मत.

मोजपट्टी चांगली आहे, पण तिच्यात एक फट आहे जी वाचकाला माहीत असायला हवी. माहितीच्या भागातला एक प्रश्न विचारतो की या ॲपची शास्त्रीय चाचणी झाली आहे का. चाचणी झालीच नसेल तर परीक्षक 'लागू नाही' अशी खूण करतो आणि तो प्रश्न सरासरीतून बाद होतो. म्हणजे कधीच न तपासलेल्या ॲपचा त्यासाठी एकही गुण कापला जात नाही. शिवाय तुमची माहिती कुठे जाते याला या गुणांमध्ये स्थानच नाही. त्यामुळे 'मार्समध्ये चार गुण' असं कुठे वाचलं तर त्याचा अर्थ ॲप नीट बांधलेलं आहे एवढाच घ्यावा.

आणि एवढ्या उदार मोजपट्टीवरही चित्र फारसं चांगलं नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दुखण्यावरची २७९ ॲप्स पाहिली. बनवताना डॉक्टर, नर्स किंवा थेरपिस्ट सहभागी असल्याचं फक्त ८.२ टक्के ॲप्समध्ये आढळलं. शास्त्रीय तपासणी झालेलं ॲप निघालं एक. पुढच्या वर्षी कंबरदुखीच्या ६१ ॲप्सना मार्सने तपासलं, तेव्हा स्टोअरमधले स्टार आणि मार्सचे गुण यांचा मेळ फार कमी बसला. त्यानंतर ॲप्स सुधारली आहेत, चाचण्याही वाढल्या आहेत. पण स्टोअरमध्ये शोधल्यावर वर येणारं ॲप त्या तपासलेल्यांपैकी असेल याची काहीच खात्री नसते.

तपासलेल्या ॲपने दुखण्यात किती फरक पडतो? डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या 'सेल्फबॅक' चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. कंबरदुखीचे ४६१ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांसोबत ॲप. ॲप दर आठवड्याला त्या माणसाच्या उत्तरांवरून चालण्याचं, व्यायामाचं आणि माहितीचं वेळापत्रक ठरवायचं. तीन महिन्यांनी, २४ गुणांच्या मोजपट्टीवर, ॲपवाल्यांचा त्रास सरासरी ०.७९ गुणाने कमी होता. फरक लहान आहे. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर चार किंवा जास्त गुणांनी सुधारलेले ॲपच्या गटात ५२ टक्के होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. म्हणजे चांगलं ॲप काही लोकांना चांगलीच मदत करतं, अनेकांना थोडी, आणि डॉक्टरांच्या उपचाराच्या जोडीने. 'सात दिवसांत आराम' म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा.

जर्मनीने यावर कायदाच केला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तो झाला आणि २०२० पासून तिथे डॉक्टर चिठ्ठीवर ॲप लिहून देऊ शकतात, पैसे सरकारी आरोग्य विमा देतो. यादीत यायचं तर कंपनीला सरकारी संस्थेपुढे सुरक्षितता, माहितीची गोपनीयता आणि रुग्णाला होणारा फायदा दाखवावा लागतो. पुरावा अपुरा असेल तर वर्षभराची तात्पुरती जागा मिळते, तेवढ्यात सिद्ध करा नाहीतर बाहेर. पाठदुखीच्या व्यायामाचं 'विविरा' हे ॲप त्या यादीत आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून निदान किंवा उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं. पण बहुतेक ॲप्स स्वतःला 'वेलनेस' म्हणवतात आणि तळाशी बारीक अक्षरात 'हा वैद्यकीय सल्ला नाही' असं लिहून मोकळी होतात. वर मोठ्या अक्षरात 'स्लिप डिस्क बरी करा' आणि खाली हे वाक्य, असं दिसलं तर ते ॲप काढून टाका.

व्यायामाच्या आधीचे प्रश्न

व्यायाम सांगणारं कुठलंही ॲप उघडल्यावर पहिली पाच मिनिटं नीट बघा. ते तुम्हाला थांबवायचा प्रयत्न करतं का? लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे का, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आहे का, पायातली ताकद कमी होते आहे का, ताप आहे का, कारण नसताना वजन उतरलं आहे का, पूर्वी कॅन्सर झाला होता का, पडला-झडला होतात का. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर चांगलं ॲप व्यायाम दाखवत नाही, डॉक्टरांकडे पाठवतं. पहिल्या दोन लक्षणांत तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं, उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. खांदेदुखीच्या ॲपने छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ याबद्दल विचारायला हवं. मी नवीन ॲप तपासते तेव्हा मुद्दाम 'हो' उत्तरं देते. एका नावाजलेल्या ॲपने सगळ्यांना 'हो' ऐकूनही मला मांजरासारखी पाठ वाकवायचा व्हिडिओ दाखवला. ते मी कुणालाही सुचवत नाही.

त्यानंतर बघायचं ते आपल्या घराच्या हिशोबाने. व्हिडिओतल्या बाई मोठ्या हॉलमध्ये मॅटवर लोळून व्यायाम करतात. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये हातभर जागा उरते, आणि सासूबाईंचा गुडघा जमिनीवर बसू देत नाही. मग उभ्याने, भिंतीला टेकून, खुर्चीवर बसून करायचे पर्याय ॲपमध्ये आहेत का? व्यायामानंतर दुखणं वाढलं असं सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी कमी करून देतं का, की तोच साचा पुढे रेटतं? 'व्यायामाची वेळ झाली' ही सूचना सकाळी साडेसातला आली आणि तुम्ही तेव्हा लोकलच्या दारात लटकताय, तर वेळ बदलता येते का? या गोष्टी किरकोळ वाटतात. पण न वापरलं जाणारं ॲप कुणाचंच दुखणं कमी करत नाही, आणि लोक दोन-तीन आठवड्यांत ॲप सोडतात ते बहुधा अशाच कारणांनी.

मराठी पर्याय असेल तर भाषा बदलून एक पान वाचा. यांत्रिक भाषांतराने 'आठवड्यातून दोनदा' आणि 'दिवसातून दोनदा' यात घोळ झाला तर गुडघा सुजतो.

तुमचं दुखणं कुणाला कळतं?

दुखण्याच्या डायरीत फार खासगी गोष्टी असतात. कोणती गोळी, किती, पाळी कधी, मन उदास कधी, कामावर सुट्टी किती. अमेरिकेत २०२३ मध्ये औषधांच्या सवलतींचं ॲप चालवणाऱ्या 'गुडआरएक्स' या कंपनीला १५ लाख डॉलर दंड भरावा लागला, कारण लोकांच्या औषधांची माहिती तिने फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली, असा तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेचा आरोप होता.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बरीच बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतील. संमती मागणं, ती मागे घेता येणं, माहिती पुसायला सांगता येणं हे हक्क त्यात आहेत. मात्र आरोग्याच्या माहितीला त्या कायद्यात वेगळा, जास्त कडक वर्ग केलेला नाही. ही मला मोठी उणीव वाटते.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावं. ॲप टाकण्याआधी स्टोअरच्या पानावरचा 'डेटा सेफ्टी' भाग उघडा. कंबरेच्या व्यायामाला तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन लागत नाही, मागितलं तर नकार द्या. खातं पुसायची सोय कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केलं तरी सर्व्हरवरची माहिती तशीच राहू शकते.

आणि ॲपमधून महिन्याचा गोषवारा एका पानावर काढता येतो का, तेही बघा. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये फिजिओथेरपीचे विभाग आहेत, हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे. सगळीकडे गर्दी असते आणि तुमच्या वाट्याला येणारी मिनिटं मोजकी. तेव्हा फोनवर तीस दिवस वर-खाली सरकवत बसण्यापेक्षा तेवढं एक पान प्रिंट काढून केसपेपरला लावून आणा: आकडा, झोप, गोळीचे दिवस आणि त्या दिवशी काय काय करता आलं. मी स्वतः आधी शेवटचा रकाना वाचते.